काळजीचा शोध लागला तेव्हा

१८९५ साली व्हिएन्नातल्या सिग्मंड फ्रॉइडने एक निबंध प्रसिद्ध केला. थकवा, डोकेदुखी, धडधड, अपचन, झोप न लागणे अशा वाटेल त्या तक्रारी त्या काळी ‘न्यूरॅस्थेनिया’ या एकाच नावाखाली कोंबल्या जात. अमेरिकी डॉक्टर जॉर्ज बिअर्डने १८६९ मध्ये रूढ केलेले हे नाव. या गाठोड्यातून एक दुखणे वेगळे काढायला हवे, असे फ्रॉइडचे म्हणणे होते. त्याने त्याला चिंतेचा न्यूरोसिस म्हटले आणि त्याच्या समर्थनार्थ एका स्त्रीचे वर्णन केले. पडशाने नवरा खोकला की तिला न्यूमोनिया दिसे आणि मनासमोरून त्याची अंत्ययात्रा जाई. घरी परतताना दारात दोन माणसे उभी दिसली, तर आपले एखादे मूल खिडकीतून पडले, अशी तिची खात्री होई. दाराची घंटा वाजली म्हणजे कुणाच्या तरी मरणाची बातमी आलेली असणार. तसे समजायला प्रत्यक्षात काहीच आधार नसे. ही सततची चिंतातुर अपेक्षा हाच आजाराचा गाभा आहे, असे फ्रॉइडने लिहिले. आज जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिंताविकाराचे हे अगदी सुरुवातीचे आणि विलक्षण नेमके चित्र आहे.

निरीक्षण अचूक होते, कारणमीमांसा मात्र फसली. अडकून पडलेल्या लैंगिक ताणाचे सरळ चिंतेत रूपांतर होते, हा शारीरिक मामला आहे, त्यामागे उकलून काढावी अशी दडपलेली आठवण नसते, असे फ्रॉइडने ठरवले. त्यामुळे मनोविश्लेषणाला इथे काम नाही, असाही निष्कर्ष ओघाने आला. बोलण्यातून आजार बरा करण्याची विद्या ज्याने उभी केली, त्यानेच या रुग्णांना त्या विद्येच्या उंबरठ्याबाहेर ठेवले. १९२६ मध्ये त्याने आपले मत बदलले आणि चिंता ही मनाने स्वतःला दिलेली धोक्याची सूचना आहे, अशी नवी मांडणी केली. पण तोवर तीस वर्षे उलटून गेली होती, आणि त्या नव्या मांडणीतही रुग्ण दिवसभर नेमके काय करत असतो याकडे कुणी फारसे पाहिले नाही.

या आजारावरच्या मानसोपचाराचा इतिहास वाचताना हेच पुन्हा पुन्हा दिसते. उपचार करणारे स्नायूंकडे वळले, भीतीकडे वळले, मेंदूतल्या रसायनांकडे वळले. ‘डोक्यातले विचार थांबत नाहीत’ हे रुग्णाचे वाक्य केसपेपरवर लिहिले जाई आणि तिथेच राही. काळजी करणे ही मनाची एक कृती आहे, माणूस ती काहीतरी साधण्यासाठी करतो आणि तेच साधल्यामुळे ती सुटत नाही, ही गोष्ट १९८० च्या दशकात कळू लागली. तिथून पुढेच या आजाराचा मानसोपचार खऱ्या अर्थाने सुरू झाला, असे माझे मत आहे. ते मान्य करायला अडचणी आहेत आणि त्यांचा विचार पुढे केलाच पाहिजे. पण आधी मधली वर्षे.

शिकागोच्या एडमंड जेकबसनने शरीराचा रस्ता धरला. स्नायू सैल असताना माणूस चिंताग्रस्त राहू शकत नाही, हे त्याचे गृहीतक. हाताची मूठ घट्ट आवळायची, ताण जाणवू द्यायचा, मग सोडून द्यायची. मग दंड, कपाळ, जबडा, पोटऱ्या, असे एकेका स्नायुगटाचे शिथिलीकरण त्याने १९२९ च्या ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ या पुस्तकात शिकवले. पद्धत चांगली होती, पण शिकायला फार वेळ लागे. दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पीने ती आटोपशीर केली आणि भयगंडाच्या उपचाराला जोडली. १९५८ मध्ये त्याने मांडलेल्या पद्धतीत रुग्ण आपल्या भीतीच्या गोष्टींची चढती यादी करतो आणि शरीर शिथिल ठेवून एकेक पायरी कल्पनेत पार करतो. कुत्र्याची, उंचीची, बंद लिफ्टची भीती या पद्धतीने खरोखर कमी होई. पण ज्याला आज मुलीच्या परीक्षेची, उद्या कर्जाच्या हप्त्याची आणि परवा छातीतल्या कळेची काळजी लागते, त्याने यादी कशाची करायची? भीतीला बाहेरचे ठिकाणच नसल्यामुळे वर्तनोपचाराला पकडायला जागा मिळेना. अशा चिंतेला डॉक्टर ‘तरंगती चिंता’ म्हणत. नाव देऊन झाले होते, हाती मात्र काही लागले नव्हते.

मग गोळ्या आल्या. रोश कंपनीच्या लिओ स्टर्नबाखने शोधलेले लिब्रियम १९६० मध्ये बाजारात आले, व्हॅलियम १९६३ मध्ये. १९६९ पासून १९८२ पर्यंत व्हॅलियम हे अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिले जाणारे औषध होते. भारतात रॅनबॅक्सीने तेच औषध काम्पोज या नावाने आणले आणि मराठी घरांतल्या औषधांच्या डब्यातही ते जाऊन बसले. गोळी घेतली की तासाभरात बरे वाटे, हे खोटे नव्हे. पण महिनोन् महिने घेतली की तिची सवय लागे आणि सोडताना चिंता पहिल्यापेक्षा जोराने उसळे. गोळीने एक गोष्ट मात्र नकळत उजेडात आणली. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन इमिप्रामिन हे औषध चिंताग्रस्त रुग्णांना देऊन पाहत होता. ‘मी मरतोय’ म्हणत वारंवार परिचारिकांकडे धावणारे रुग्ण धावेनासे झाले, म्हणजे त्यांचे घबराटीचे झटके थांबले. त्या झटक्यांच्या मधल्या काळातली रेंगाळणारी चिंता मात्र तशीच राहिली. म्हणजे एका नावाखाली दोन आजार होते.

या पुराव्यावर १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, डीएसएम-३ मध्ये, जुन्या चिंतेच्या न्यूरोसिसचे दोन तुकडे केले: एक पॅनिक डिसऑर्डर, दुसरी जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर. ही दुसरी खरे तर उरलेल्या चिंतेची पेटी होती. महिनाभर चिंता, स्नायूंचा ताण, धडधड असेल आणि दुसरे कोणतेही निदान बसत नसेल, तर हे निदान करायचे. दोन डॉक्टरांचे त्यावर एकमत होणेही अवघड जाई. सात वर्षांनी, १९८७ च्या सुधारित आवृत्तीत, व्याख्येच्या मध्यभागी काळजी आली आणि मुदत सहा महिन्यांची झाली. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीने त्यात ‘आवरणे कठीण’ हे शब्द घातले आणि शारीरिक लक्षणांची अठरा कलमी यादी सहावर आणली. चौदा वर्षांत केवढा हा बदल! शरीराचा आजार मनाच्या एका क्रियेचा आजार झाला. या बदलामागे ज्या संशोधकांचे काम होते, त्यांत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या थॉमस बोर्कोव्हेकचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

बोर्कोव्हेक मुळात झोपेचा अभ्यासक. १९७३ मध्ये त्याने डग्लस बर्नस्टाइनसह जेकबसनच्या शिथिलीकरणाचे सुटसुटीत प्रशिक्षणपुस्तक लिहिले होते, म्हणजे तो शरीराच्या बाजूचाच माणूस. पण झोप न येणारे लोक त्याला सांगत की अंग थकलेले असते, विचार मात्र चालूच राहतात. त्याने हे वाक्य गांभीर्याने घेतले. ज्या गोष्टीने लाखो लोकांची झोप उडते, तिच्यावर मानसशास्त्रात जवळपास काहीच लिहिलेले नाही, हे त्याच्या लक्षात आले. १९८३ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह काळजीची पहिली कामचलाऊ व्याख्या केली: विचारांची आणि चित्रांची अशी साखळी, जिला नकारात्मक भावना चिकटलेली असते, जी आवरायला अवघड जाते आणि जी परिणाम अनिश्चित असलेल्या प्रश्नावर उपाय शोधू पाहते. त्याच वर्षी हाइडे नावाच्या सहसंशोधकाबरोबर त्याने एक अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवली. सदा ताणात असणाऱ्या चौदा जणांना शिथिलीकरण आणि मंत्राचे ध्यान शिकवताना, शिथिलीकरणात जवळपास एकतृतीयांश लोकांची आणि ध्यानात निम्म्याहून अधिक लोकांची चिंता वाढली. ज्या उपायावर त्याने स्वतः पुस्तक लिहिले होते, तो काहींना उलट त्रास देत होता. शांत होणे हेच काही माणसांना धोक्याचे वाटते, असा त्याचा अर्थ.

त्याच वर्षी आलेला काळजीच्या अर्ध्या तासाचा उपाय आज कुठल्याही समुपदेशकाला तोंडपाठ असतो. चार पायऱ्या आहेत. काळजी सुरू होताच ती ओळखायची. दिवसातला ठराविक अर्धा तास आणि ठराविक जागा काळजीसाठी राखून ठेवायची. झोपायचा पलंग किंवा रोजची कामाची खुर्ची नको. मधल्या वेळात काळजी आली की ‘सहा वाजता बघू’ म्हणून ती पुढे ढकलायची आणि समोरच्या कामाकडे वळायचे. सहा वाजले की मनसोक्त काळजी करायची आणि सुचला तर मार्गही काढायचा. हा उपाय वरवर पाहता साधा आहे, पण त्यामागचे गृहीतक धाडसी आहे. माणसाला ‘काळजी करू नकोस’ असे इथे कुणी सांगत नाही. काळजी ही पुढे ढकलता येण्यासारखी, वेळ ठरवून करता येण्यासारखी गोष्ट आहे, असे तो स्वतःच अनुभवतो. जे पुढे ढकलता येते, ते अंगावर कोसळलेले संकट नसून आपल्या हातची कृती असते.

माणूस ही कृती करतो तरी कशासाठी? उत्तर १९९० च्या सुमारास आले. चिंताविकाराच्या रुग्णांना स्वस्थ बसवून मनात काय चालले आहे ते अधूनमधून विचारले, तेव्हा त्यांच्या मनात शब्द आणि चित्रे साधारण सारखी आढळली. निरोगी माणसांत शब्दांपेक्षा चित्रे जास्त होती, आणि उपचारानंतर रुग्णांचे प्रमाणही तसेच झाले. दुसरा प्रयोग सभेत बोलायची भीती असणाऱ्यांवर होता. भाषणाचे दृश्य मनासमोर आणण्याआधी काहींना काळजी करायला सांगितले, काहींना तटस्थ विचार करायला. काळजी केलेल्यांच्या हृदयाचे ठोके त्या दृश्याने तटस्थ गटापेक्षा कमी वाढले. तोंडाने मात्र त्यांनी जास्त भीती वाटल्याचे सांगितले. या विसंगतीत सारा आजार उलगडतो. काळजी भीतीला शब्दांत अडकवून ठेवते, चित्र पुरते डोळ्यांसमोर येऊ देत नाही, आणि त्यामुळे शरीराला भीतीचा पुरता अनुभव मिळत नाही. त्या क्षणी थोडी सुटका होते. पण जी भीती पुरती अनुभवली गेली नाही, ती ओसरतही नाही. शिवाय ज्याची काळजी केली ते घडले नाही, की मन काळजीलाच श्रेय देते. अंगारा लावल्यामुळे ताप उतरला असे मानणाऱ्याच्या हातून अंगारा सुटत नाही, तशीच काळजीही.

माझ्या मतावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप शिथिलीकरणाच्या बाजूने येतो. बोर्कोव्हेकनेच एलन कॉस्टेलोसह १९९३ मध्ये तीन उपचारांची तुलना केली: फक्त आपुलकीने ऐकणे, उपयोजित शिथिलीकरण, आणि शिथिलीकरणाला विचारांवरच्या कामाची जोड देणारा बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी. उपचार संपले तेव्हा शेवटचे दोन सारखेच गुणकारी ठरले. स्वीडनमध्ये लार्स-गोरान अस्ट आणि एलिझाबेथ ब्राइटहोल्ट्झ यांनी २००० मध्ये केलेल्या तुलनेतही शिथिलीकरण आणि विचारोपचार यांत फरक दिसला नाही. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेनेही २०११ मध्ये दोन्हींना एकाच पंक्तीत बसवले. मग काळजीच्या सिद्धान्ताची गरज काय, स्नायू सैल केले की पुरे, असे कुणी म्हटले तर? माझे उत्तर असे की अस्टचे उपयोजित शिथिलीकरण हे जेकबसनचे शिथिलीकरण नव्हे. त्यात रुग्ण आधी चिंतेची पहिली चाहूल टिपायला शिकतो, खांदे वर जाणे, श्वास उथळ होणे, पहिला ‘समजा…’, आणि मग वीस-तीस सेकंदांत, बसमध्ये असो वा ऑफिसात, स्वतःला सैल करतो. साखळीची पहिली कडी ओळखून तिथेच ती तोडणे, हेच त्याचे मर्म आहे. ते शरीराच्या वाटेने काळजीच्याच कृतीपाशी पोचते. १९९३ च्या अभ्यासात वर्षभरानंतर सीबीटी गटातले निम्म्याहून अधिक रुग्ण चांगल्या स्थितीत टिकून होते आणि इतर गट मागे पडले, ही गोष्टही माझ्या बाजूने जाते. पण नमुना लहान होता, म्हणून त्यावर फार भार टाकणे योग्य नाही.

विचारांच्या बाजूने येणारेही होते. अ‍ॅल्बर्ट एलिसने १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, एरन बेकने १९७० च्या दशकात विचारोपचार उभा केला आणि १९८५ मध्ये गॅरी एमरीसह चिंताविकारांवर ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रात एलिसची पद्धत पोचली ती मुख्यतः मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांनी एलिसशी अनेक दशके पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठीत शिकवली. ऑक्सफर्डमध्ये गिलियन बटलरच्या गटाने १९९१ मध्ये ५७ रुग्णांवर दाखवले की विचारांवर काम करणारा उपचार निव्वळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरतो. तरी माझ्या मते खरी भर दोन ठिकाणी पडली. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मिशेल द्युगा, रोबेर लादुसर आणि मार्क फ्रीस्टन यांना दिसले की या रुग्णांना वाईट गोष्टीइतकीच, कधी तिच्यापेक्षाही जास्त, अनिश्चितता सोसत नाही. म्हणून त्यांच्या उपचारात रुग्ण मुद्दाम थोडी अनिश्चितता ओढवून घेतो: ई-मेल पुन्हा न वाचता पाठवतो, मुलाला पोचलास का म्हणून फोन करत नाही. २००० साली २६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत उपचारानंतर ७७ टक्के रुग्णांना हे निदान लागू होत नव्हते. मँचेस्टरमध्ये एड्रियन वेल्सने १९९५ पासून काळजीबद्दलच्या काळजीवर बोट ठेवले. ‘काळजी केली की मी तयार राहतो’ हा विश्वास आणि ‘काळजीने मला वेड लागेल’ ही धास्ती एकाच माणसात नांदतात, आणि उपचार या दोन समजुतींवरच करायचा. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये ६० रुग्णांवरच्या चाचणीत, २०१८ मध्ये, वेल्सच्या पद्धतीने ६५ टक्के बरे झाले, सीबीटीने ३८ टक्के. दोन्ही पद्धती काळजीला कृती मानतात; भांडण एवढेच की कृतीमागची कोणती समजूत आधी हलवायची.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे आणि तो मला जास्त बोचतो. माणसाला काळजी वाटायला खरी कारणे असतात. पाऊस, कर्ज, नोकरी, म्हाताऱ्या आईबापांचे दुखणे. तिला आजार ठरवणे म्हणजे परिस्थितीचा दोष माणसाच्या डोक्यावर टाकणे नव्हे का? काही अंशी हे खरे आहे, आणि ज्या उपचारकाला ही गोष्ट दिसत नाही त्याने हे काम करू नये. पण रुग्णाची काळजी परिस्थितीशी प्रमाण राखत नाही, हे मोजून दाखवता आले आहे. पेनसिल्व्हेनियातल्याच लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांनी २०२० मध्ये २९ रुग्णांना आपल्या काळज्या लिहून ठेवायला सांगितल्या आणि पुढे काय झाले ते नोंदवायला लावले. ९१.४ टक्के भाकिते खोटी ठरली. आपली जितकी अधिक भाकिते खोटी ठरलेली रुग्णाला दिसली, तितकी त्याची सुधारणा अधिक झाली. कर्जबाजारी शेतकऱ्याला कर्जातून सोडवणे हे समुपदेशकाचे काम नाही, सरकारचे आहे. पण सरकारने ते काम केल्यावरही जो रात्रभर जागतो, त्यालाही कुणीतरी हवे.

हे सगळे लिहिल्यावर यश फुगवून सांगणे बरे नाही. उत्तमोत्तम चाचण्यांतही सीबीटीने साधारण निम्मेच रुग्ण पूर्ण बरे होतात, बाकीच्यांना थोडा आराम पडतो किंवा पडतही नाही. बोर्कोव्हेकने हे लपवले नाही. उरलेल्या रुग्णांचे नातेसंबंध बिघडलेले दिसतात म्हणून त्याने न्यूमन आणि लुई कास्टोंग्वे यांच्यासह सीबीटीला नातेसंबंधांवरच्या कामाची जोड दिली. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा त्या जोडीने सरसकट काही जादा फायदा झाल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी न्यूमन आणि सँड्रा लेरा यांनी त्याच्या सिद्धान्तातही दुरुस्ती सुचवली: काळजीने भीती कमी होत नाही, ती माणसाला आधीच खाली बसवून ठेवते, म्हणजे पुढचा धक्का लागला तरी पडायला उंची उरत नाही. हृदयाच्या ठोक्यांचा तो जुना निष्कर्ष त्यामुळे नव्या अर्थाने वाचावा लागतो. पण या दुरुस्तीतही काळजी ही हेतूने केलेली कृतीच राहते, आणि माझ्या मूळ म्हणण्याला त्यामुळे धक्का लागत नाही.

आपल्याकडे प्रश्न पद्धतीचा कमी आणि पोचण्याचा जास्त आहे. त्याचे सगळ्यात चांगले उत्तर गोव्यात मिळाले. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगथ’ या संस्थेने तिथे ‘मानस’ नावाची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. बारा सरकारी आरोग्यकेंद्रे, बारा खासगी दवाखाने, २,७९६ रुग्ण. नैराश्य आणि चिंता हे नेहमीचे त्रास असलेल्या या रुग्णांना मानसिक आरोग्याची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी आजार समजावून दिला, श्वसनाचे व्यायाम शिकवले, आणि गरज असेल तिथे बोलण्याचा उपचारही केला. केवळ चिंताविकाराची ही चाचणी नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्यापैकी सुमारे ६६ टक्के बरे झाले होते, ज्यांना मिळाला नाही त्यांच्यापैकी ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत तसा फरक पडला नाही. त्याचे एक संभाव्य कारण असे की तिथले डॉक्टर आधीच रुग्णाला बराच वेळ देत होते.

म्हणून महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत असा एकेक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याची मागणी आपण करायला हवी. तो खर्च झोपेच्या गोळ्यांपेक्षा नक्कीच सत्कारणी लागेल. आणि वाचकहो, सहा महिन्यांहून अधिक काळ तुमची किंवा घरातल्या कुणाची काळजी आवरेनाशी झाली असेल, तर डॉक्टरांकडे गोळीबरोबर समुपदेशकाचा पत्ताही मागा.